सांजेच्या म्हशी सरकारांत गेल्या त्याची हकीकत

श्री. ज्या घरी सांजेस चूल पेटते आणि चुलीवर दूध ठेवण्याचा विसर पडत नाही, त्या घराचे देव कल्याण करो. शके सोळाशे बहात्तर, प्रमोद नाम संवत्सर, ते समयी दोन नद्यांमधल्या एका राज्यात जे वर्तमान जाहले ते लिहितो. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही, नावावाचून म्हशींचे काही अडले नाही. जे पाहिले ते पाहिले म्हणून लिहिले आहे, जे ऐकिले ते ऐकिले म्हणून, आणि जेथे दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या तेथे तिसऱ्यास पुसिले.

त्या राज्यात चाल ऐसी होती की, लेकाने अथवा लेकीने पहिली कमाई घरी आणिली म्हणजे तीतून एक वगार घ्यावी, आणि ती मोठी होऊन व्याली म्हणजे तीस सांजेची म्हैस म्हणावे. सांज म्हणजे दिवसाची नव्हे, वयाची. मग तिच्या पारड्या राखाव्या, त्यांच्या पारड्या राखाव्या, आणि हातपाय थकले म्हणजे त्या म्हशी कोणा तरुण घरास अर्धलीने द्याव्या. चारा त्यांचा, कष्ट त्यांचे, दूध निम्मे त्यांचे आणि निम्मे म्हाताऱ्यांचे. त्या निम्म्या दुधावर त्या राज्यातली म्हातारी माणसे सुखाने बसून खात, आणि सुनेशी भांडण जाहलेच तर बरोबरीने भांडत. सरकारने यात कधी कवडी घातली नव्हती आणि कोणी मागितलीही नव्हती. परंतु म्हैस मानी जनावर, ओळखीच्या हातावाचून पान्हा सोडीत नाही, दूध वर ओढून धरते. याकरिता म्हैस देण्यापूर्वी हातपालट करीत. हातपालट म्हणजे काय, तर आधी जुन्या धनिणीने धार काढावी आणि नवीने शेजारी बसावे, मग नवीने काढावी आणि जुनीने तिच्या हातावर हात ठेवावा, मग जुनीने नुसते उभे राहून बोलावे, आणि मग एके दिवशी तिने येऊच नये. यास कोठे महिना लागे, कोठे दोन. म्हशीच्या मर्जीप्रमाणे लागे, त्यास उपाय नाही.

नदीकाठी दोर वळणाऱ्यांची आळी होती, तेथे गोजराबाई म्हणून एक होती. जन्मभर अंबाडीचे दोर वळून तिची बोटे आकड्यासारखी वाकली होती, सकाळी उठून ती एकेक बोट दुसऱ्या हाताने सरळ करी आणि मग चूल पेटवी. तिचा नवरा हैबती, त्याचे गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती. गोजराबाईच्या तीन म्हशी, मोरी, साळू आणि बिजली. येत्या पाडव्यापासून दोर वळणे सोडावे ऐसा तिचा निश्चय होता, आणि शेजारची सून पारू इजबरोबर हातपालटही सुरू जाहला होता. पारूच्या हातावर गोजराबाईचा हात, इथवर गोष्ट आली होती.

इकडे राजधानीत ऐसे जाहले की, महाराजांस कारंज्याची हौस उत्पन्न जाहली. महाराज स्वभावाने आनंदी, उदार, गाण्याचे शौकी, हिशेब ऐकू लागले की त्यांस झोप येत असे. त्यांनी वाड्यापुढे मोठे टाके बांधून त्यात पितळी कारंजे उभारिले आणि पाणी वाड्याच्या माडीहून उंच उडविले, आणि त्या पायी खजिना रिकामा होऊन शिवाय सावकाराचे देणे जाहले. तेव्हा दिवाण धोंडो अनंत, गृहस्थ बुद्धिमान, सडपातळ, नेहमी चिंतेत, ते गच्चीवर उभे राहून विचार करू लागले, आणि समोर डोंगरउतारावर म्हशी चरत होत्या त्या त्यांच्या दृष्टीस पडल्या. पुसिले, "ह्या कोणाच्या?" चोपदार बोलिला, "रयतेच्या, साहेब. सांजेच्या म्हशी." दिवाणजी बोलिले, "ज्यांची सांज अजून जाहली नाही, त्यांच्या म्हशी आजच काय करतात?" चोपदार बोलिला, "चरतात, साहेब." दिवाणजी खाली उतरून गेले आणि लिहावयास बसले.

मग हुकूम निघाला आणि दवंडी पिटली ती ऐसी: वाघ, रोग, चोर आणि प्रजेचा अविचार यांपासून सांजेच्या म्हशींचे रक्षण व्हावे म्हणून सरकार त्या आपल्या गोठ्यात बांधील; धन्यास म्हशीमागे एक शिशाचा बिल्ला मिळेल; म्हातारपण आले म्हणजे बिल्ला दाखवून रोजचे दूध न्यावे; आणि जो कोणी म्हैस लपवील त्याची म्हैस जप्त होऊन वर दंड होईल. दवंडीपूर्वी हा हुकूम वाचून महाराजांनी विचारिले होते, "आणि मधल्या काळात दूध?" दिवाणजी बोलिले, "मधल्या काळात, महाराज, ते रक्षणाच्या खर्चास." महाराज बोलिले, "वा," आणि शिक्का केला.

जमादार सुभानजी स्वारांनिशी आळीत आला. गोजराबाई दारात उभी राहून बोलिली, "जमादार, माझ्या म्हशींना वाघानं कधी हात लावला नाही. वाघ इथं आलाय तो आज पहिल्यांदा." सुभानजी भला मनुष्य, तोंड लपवून हसला आणि बोलिला, "काकू, मी हुकमाचा ताबेदार. हे तीन बिल्ले घ्या, जपून ठेवा." हैबती ओट्यावरून बोलिला, "दे इकडं. बघू, व्यातात का." मग म्हशी नेल्या, पारडीही नेली, आणि गोजराबाई त्या रात्री दावणीपाशी उगाच जाऊन आली. पाडव्यास दोर सोडावा हा निश्चय तीन शिशाच्या बिल्ल्यांवर येऊन बसला.

तिने विचार केला, आपण म्हाताऱ्या आहोतच, तर दूध आजच मागावे. मग ती बिल्ले पदरास बांधून वाड्यावर गेली, आणि कचेरी माडीवर होती म्हणून जिना चढून, मध्ये दोनदा बसून, धापा टाकीत वर पोहोचली. कारकुनाने बिल्ले पाहिले आणि बोलिला, "बाई, म्हातारपणाची व्याख्या ठरली आहे. ज्यास हा जिना चढता येतो तो अद्याप तरुण." गोजराबाई बोलिली, "आणि चढता आला नाही तर?" कारकून बोलिला, "तर म्हातारे. मग दूध." ती बोलिली, "मग मी खालीच उभी राहते. तिथं येऊन सांग." कारकून बोलिला, "खाली कोणाचे काही ऐकत नाहीत. कचेरी वर आहे." गोजराबाई बोलिली, "बाळा, तुझी आई जिना चढते का रे?" कारकून खाली मान घालून लेखणी तासू लागला. हे त्या कारकुनानेच पुढे स्वतः सांगितले, म्हणून खरे धरिले आहे.

आता सरकारी गोठ्याचे वर्तमान. सगळ्या राज्याच्या म्हशी एके ठायी जमल्या, आणि जमल्या त्या प्रथम वाड्यापुढच्या टाक्यात जाऊन बसल्या. थंड पाणी, खोल पाणी, वरून तुषार; म्हशींस याहून अधिक काय पाहिजे? त्यांच्या अंगचा चिखल नळांत गेला आणि कारंजे तिसऱ्या प्रहरी खोकू लागले, सांजेस बंद पडले. आणि धारेस बसावे तो एकही म्हैस पान्हा सोडीना. पारडी सोडून पाहिली; पारडी पिऊन तृप्त होत आणि माणूस बसले की सड कोरडे. सरकी घातली, ती खाल्ली आणि दूध दिले नाही. दोन शास्त्री आणिले. एकाने मंत्र म्हटले, दुसऱ्याने दिशा बदलून बांधण्यास सांगितले. लेखकास याचे नवल वाटून त्याने पुष्कळ म्हशींपाशी चौकशी केली, म्हणजे त्यांच्या धनिणींपाशी, आणि इतकेच समजले की, भ्यालेली म्हैस दूध देत नाही आणि न भ्यालेलीही अनोळख्यास देत नाही. हातपालट कोणी केलाच नव्हता. हुकमात त्याचा शब्द नव्हता.

तेव्हा कोणी सांगितले की, धनिणीचे लुगडे नेसून बसले तर वासाने म्हैस फसते, खेड्यांत ऐसे करितात. हे खरेही आहे. मग दुसरी दवंडी पिटली: ज्यांच्या म्हशी रक्षणात आहेत त्या बायांनी एकेक नेसते लुगडे सरकारात द्यावे, धुतलेले चालणार नाही. सुभानजी पुन्हा आळीत आला, या वेळी मान वर न करता. गोजराबाई बोलिली, "म्हशी नेल्या, आता लुगडं. उद्या काय, नवऱ्याला न्याल?" हैबती ओट्यावरून बोलिला, "अगं, आधी विचार तर, खायला काय घालतात!" आळी हसली, सुभानजीही हसला, आणि लुगडे घेऊन गेला.

दुसरे दिवशी पहाटे सरकारची सारी पागा लुगडी नेसून, मिशांवरून पदर घेऊन, चरव्या घेऊन गोठ्यात उकिडवी बसली. हे लेखकाने डोळ्यांनी पाहिले आणि पुन्हा पाहण्यास मिळेल ऐसे वाटत नाही. सुभानजी मोरीपाशी बसला. मोरीने पदर हुंगला, पान्हा सोडला, चरवीत धार वाजली, आणि सगळ्या गोठ्यात एक आनंदाचा सुस्कारा पडला. इतक्यात मोरीने मान वळवून पदराखालची मिशी पाहिली. मग चरवी तिकडे आणि जमादार इकडे. त्या एका लाथेचा आवाज ऐकून बाकीच्या म्हशीही सावध जाहल्या, आणि घटकेत सारी पागा शेणात. सुभानजी उठून बोलिला, "लढाईत वैरी एका बाजूनं तरी येतो. ही बया चारी पायांनी येते." आणि लुगडे धुऊन परत पाठविले, हे त्याचे सौजन्य लिहून ठेविले पाहिजे.

आता दिवाणजींच्या घरचे वर्तमान लिहितो. दिवाणजींची पत्नी चिमाबाई, मोठी हुशार आणि हौशी, इने लग्नाच्या वर्षी एक वगार घेतली होती, तिच्या वंशातली मैना म्हणून म्हैस दारी होती. हुकूम लिहून जाहला ते सांजेस, दवंडी पिटण्यापूर्वी, दिवाणजींनी स्वतः सरकीची पाटी हाती धरून मैनेस आपल्या घराचा जिना चढविला आणि माडीवरच्या बैठकीत बांधिली. म्हैस जिना चढते, उतरत नाही. हे दिवाणजींस ठाऊक नव्हते, त्यांचे शिक्षण निराळे होते. पुढे सकाळसांज माडीवरून रेकणे ऐकू येई, तेव्हा शेजारणींनी पुसिले आणि चिमाबाई बोलिली, "इकडून अलीकडे ध्रुपद शिकणं चाललंय." शेजारणी बोलिल्या, "आवाज भारदस्त आहे हो." ते गाणे नेमके धारेच्या वेळीच होते, याकडे कोणी लक्ष दिले नाही.

ही ध्रुपदाची गोष्ट महाराजांच्या कानी गेली. महाराजांस परम संतोष जाहला, बोलिले, "आमच्या राज्यात दिवाण गातो आणि आम्हांस खबर नाही?" आणि सांजेस न कळविता, सुभानजीस बरोबर घेऊन, पालखीत बसून दिवाणजींच्या घरी निघाले. वाटेवर गोजराबाई उभी होती. तिला महाराजांपर्यंत कोणी जाऊ दिले नव्हते, म्हणून ती पालखीमागून चालत आली आणि दिवाणजींच्या अंगणात थांबली. तीन बिल्ले अजून पदरास होते. चिमाबाईने महाराजांस पाट दिला, गूळपाणी दिले, आणि दिवाणजी घामाघूम होऊन उभे राहिले, आणि पाहुणे आल्यामुळे मैनेची धारेची वेळ टळून गेली. महाराज बोलिले, "दिवाणजी, एक चीज होऊ द्या." दिवाणजी बोलिले, "महाराज, आज घसा बसला आहे." तोच माडीवरून असा आवाज जाहला की पाटावरचे गूळपाणी हलले. महाराजांनी डोळे मिटले, मान हालविली, मग एक डोळा उघडून समोर पाहिले. दिवाणजींचे तोंड मिटलेले होते.

अंगणातून गोजराबाई बोलिली, "महाराज, हे गाणं न्हवं. दूध तटलंय बिचारीचं. कोणीतरी धार काढा आधी, मग काय ते बोला." आणि माडीच्या खिडकीतून मैनेने तोंड बाहेर काढिले, तोंडात दिवाणजींची दरबारी पगडी होती, निम्मी चघळून जाहलेली.

तेथे जे बोलणे जाहले ते लेखकाने चिमाबाई, सुभानजी आणि गोजराबाई तिघांपासून ऐकिले आणि एका गोष्टीवाचून तिघांचे जुळते. महाराज हळूच बोलिले, "धोंडोपंत, हुकूम तुमचा. बिल्ला घेऊन म्हैस का दिली नाही?" दिवाणजींस खोटे बोलण्याची सवय होती, परंतु ते इतक्या दिवसांच्या लपवाछपवीने थकून गेले होते, ते खाली बसले आणि बोलिले, "महाराज, बिल्ल्यावरचे वचन मीच लिहिले. त्यामागे काय आहे, ते मला ठाऊक आहे." महाराज बोलिले, "काय आहे?" दिवाणजी बोलिले, "काही नाही, महाराज. मी पुढल्या वर्षी साठीचा होईन. आमच्या घरात मूल नाही. मला भय वाटले." चिमाबाई पदराआडून बोलिली, "आणि मी म्हटलं होतं, सगळ्यांना वाटेल."

महाराजांच्या मनात क्रोध आला ऐसे सुभानजी सांगतो, चिमाबाई म्हणते आला नाही. तितक्यात गोजराबाई बोलिली, "महाराज, दिवाणजींना दंड नका करू. त्यांनी केलं ते मीपण केलं असतं. माझ्या घराला माडी नाही."

हे ऐकून महाराजांस हसू लोटले ते आवरेना, आणि हसता हसता डोळे पुसून बोलिले, "बाई, तुझं म्हणणं काय?" ती बोलिली, "माझ्या म्हशी माझ्या दावणीला. दुसरं काही नाही. सरकार अडचणीत होतं तर दारी येऊन मागायचं होतं, तांब्याभर दूध कोणी नाही म्हटलं नसतं. वाघाचं नाव कशाला सांगायचं?" महाराज बोलिले, "आणि बिल्ले?" ती पदराची गाठ सोडून बोलिली, "हे घ्या. आमच्या ह्यांनी वाट पाहिली, व्यायले नाहीत."

मग महाराजांनी तेथेच हुकूम केला की सर्व म्हशी ज्याच्या त्यास परत द्याव्या. म्हातारपण कधी आले हे ज्याचे त्याने ठरवावे, सरकारने जिन्यावरून ठरवू नये. आणि बिल्ले वितळवून पागेच्या बंदुकीच्या गोळ्या कराव्या, म्हणजे पागेस आपले खरे काम आठवेल. सावकाराच्या देण्याचे पुसिले तेव्हा दिवाणजी पुन्हा बुद्धिमान जाहले आणि बोलिले, "शेजारच्या राजास आपल्या कारंज्याचा हेवा आहे." मग कारंजे नळांतला चिखल काढून, उजळून, त्यास विकले. त्याने दीडपट मोल दिले आणि आपण फसविले ऐसे समजून तो फार खूश जाहला. देणे फिटले. मैनेस खाली आणण्यास सगळ्या आळीने माती वाहून माडीच्या खिडकीपर्यंत उतार बांधिला, खिडकी फोडून दार केले, आणि ती डौलाने उतरून आली. चिमाबाईने सर्वांस खरवस खाऊ घातला. दिवाणजी स्वतः वाढावयास उभे होते, पगडी नव्हती, उपरणे बांधिले होते, आणि लोकांनी त्यांस ध्रुपदाचा आग्रह केला.

गोजराबाईच्या म्हशी घरी आल्या त्या निम्म्या आटून, बिजली तर माणसाची सावलीही सोशीना. हातपालट पहिल्यापासून करावा लागला आणि पाडवा तसाच दोर वळण्यात गेला; गोजराबाई कुरकुरली, परंतु बसली. मोरी लवकर वळली, साळू तिच्यामागून. बिजलीने ज्येष्ठ येईतो छळले. मग एके सकाळी गोजराबाई गोठ्यात गेली नाही. ओट्यावर बसली आणि आत पारू एकटी होती. बराच वेळ काही ऐकू येईना. मग चरवीत धार वाजली, पहिली बारीक, मग दोन्ही हातांची. गोजराबाईने वाकडी बोटे एकात एक गुंतविली आणि मांडीवर ठेविली. हैबतीने पुसिले, "आता काय करशील?" ती बोलिली, "काही न करून बघते. जमलं नाही तर सांगीन."

येणेप्रमाणे त्या राज्यातील म्हातारपण सरकारच्या रक्षणात जाऊन सुखरूप परत आले. महाराज पुढे सतार शिकले, दिवाणजी साठीचे जाहले, सुभानजी अद्याप मोरीच्या मागून जात नाही. आणि लेखकाने खात्री करून लिहिले आहे की, ज्येष्ठातल्या त्या दिवशी गोजराबाई दोन प्रहरी जेवून निजली ती दिवे लागेतो उठली नाही. राज्यात त्या दिवशी दुसरे काही घडले नाही. लेखनसीमा.